पायात चप्पल की चपलेत पाय? शरीरावरची जागा इंग्रजीत सांगताना



एक छोटा प्रयोग करून बघा. तिसरी-चौथीच्या मुलांना फळ्यावर तीन वाक्यं लिहून द्या आणि इंग्रजी करायला सांगा. 'माझ्या बोटात अंगठी आहे.' 'तिच्या गळ्यात माळ आहे.' 'त्याच्या पायात चप्पल आहे.' बहुतेक मुलं तिन्ही ठिकाणी 'इन' लिहितील. रिंग इन माय फिंगर, नेकलेस इन हर नेक, चप्पल इन हिज फीट. आपण लाल पेन काढतो, तीन फुल्या मारतो आणि पुढच्या वहीकडे वळतो.

त्या तीन फुल्यांपाशी आज जरा थांबू या. कारण मुलाने इथे काही मनाचं लिहिलेलं नाही. 'बोटात, गळ्यात, पायात' या तिन्ही शब्दांच्या शेवटी 'त' आहे. तो सप्तमीचा प्रत्यय. 'घरात' म्हणजे इन द हाउस, 'डब्यात' म्हणजे इन द बॉक्स, हे आपणच शिकवलंय. मग 'बोटात' म्हणजे इन द फिंगर, हे त्याने नियमाने काढलेलं उत्तर आहे. मराठी पक्की असलेलं मूलच असं उत्तर देतं. फक्त इंग्रजी भाषा अंगठीकडे वेगळ्या बाजूने बघते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मराठी कुठून बघते, इंग्रजी कुठून बघते?

जरा विचार करा, चप्पल पायात असते की पाय चपलेत असतो? खरं तर पायच चपलेत जातो. तरी आपण 'पायात चप्पल' म्हणतो आणि ते आपल्या कानाला अगदी बरोबर लागतं. मराठीत घातलेली वस्तू ही त्या अवयवाची झाली, त्यात मावली, असा भाव आहे. हातात बांगडी, पायात पैंजण, बोटात अंगठी, अंगात सदरा.

इंग्रजी असं बघते की शरीर हा आधार आहे आणि वस्तू त्याला बाहेरून चिकटून आहे, टेकून आहे. म्हणून शूज ऑन माय फीट, रिंग ऑन माय फिंगर, शर्ट ऑन हिज बॅक. इथे 'ऑन' म्हणजे 'वर' असं पाठ करून घेतलं की घोटाळा होतो. छतावर उलटी बसलेली पालसुद्धा इंग्रजीत 'ऑन द सीलिंग'च असते आणि भिंतीवरचं घड्याळही 'ऑन द वॉल'. 'ऑन'मध्ये उंची महत्त्वाची नाही. पृष्ठभागाला लागून असणं महत्त्वाचं.

आणि उलट दिशेने बघितलं की इंग्रजीतही 'इन' येतो. पाय शूजमध्ये आहेत, म्हणजे फीट इन शूज. मुलगी लाल फ्रॉकमध्ये आहे, म्हणजे अ गर्ल इन अ रेड फ्रॉक. वस्तू अंगावर 'ऑन', अंग वस्तूमध्ये 'इन'. ही जोडी मुलांना फार आवडते.

तुम्ही म्हणाल, मग मराठीत काटेकोरपणा नाही का? आहे, पण तो दुसरीकडे आहे. इंग्रजीत बहुतेक सगळ्याला 'वेअर' किंवा 'पुट ऑन' चालतं. आपल्याकडे साडी नेसतात, सदरा घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, गजरा माळतात, बांगड्या भरतात, कुंकू लावतात. 'साडी घातली' म्हटलं तर आजी लगेच टोकते. म्हणजे आपण बारकावा क्रियापदात ठेवला आणि इंग्रजीने तो त्या छोट्या शब्दात ठेवला.

हा फरक फक्त मराठी-इंग्रजीचा नाही. मेलिसा बॉवरमन आणि सूनजा चोई या भाषा अभ्यासक बाईंनी 1991 साली इंग्रजी आणि कोरियन शिकणाऱ्या लहान मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. कोरियन भाषेत 'घट्ट बसणं' यासाठी वेगळं क्रियापद आहे. बोटात अंगठी घालणं आणि पेनाला टोपण लावणं या दोन्हींना तेच चालतं. आत की वर, यापेक्षा घट्ट की सैल हे तिथे महत्त्वाचं. आणि मुलं अगदी लहानपणीच, दोन वर्षांची होण्याआधीपासून, आपापल्या भाषेच्या पद्धतीने या गोष्टींची विभागणी करायला लागतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे आपल्यासमोर बसलेलं आठ वर्षांचं मूल 'बोटात' ही गोष्ट किती पक्की करून आलेलं असतं बघा. ती पुसायची नाही. तिच्या शेजारी दुसरी ठेवायची.

'शरीर म्हटलं की ऑन' हा नियम देऊ नका

इथे एक सोपी वाट मोहात पाडते. "मुलांनो, शरीराच्या अवयवापुढे ऑन लावा," असं सांगून मोकळं व्हायचं. अंगठी, चप्पल, घड्याळ, टोपी, चष्मा सगळं सुटतं. परीक्षेत गुणही मिळतात. पण हा नियम अर्धा आहे, आणि अर्धा नियम कधी कधी महागात पडतो.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबातला मुलगा सहावीला इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत गेला. तिथे पहिल्या महिन्यात त्याचा कान दुखायला लागला. त्याने दवाखान्याच्या खोलीत जाऊन सांगितलं, 'पेन ऑन माय इअर'. तिथल्या ताईंनी कान बाहेरून बघितला, पाळीला थोडं लाल दिसलं, मलम लावून दिलं. मूल नवीन, इंग्रजी बेताचं, आणखी काही बोललं नाही. दोन दिवसांनी आईचा फोन आला तेव्हा तो रडत म्हणाला, "आई, कानाच्या आत ठणकतंय गं." मग धावपळ झाली, डॉक्टरांनी कानाच्या आत बघितलं, औषध सुरू झालं. मुलगा बरा झाला. पण ते दोन दिवस त्या लेकराने ज्या दुखण्यात काढले, ते एका अक्षराच्या फरकामुळे. 'ऑन' आणि 'इन'.

म्हणून मी हा धडा व्याकरणाच्या तासाला न घेता 'मला काय होतंय' या विषयाखाली घेते. जागा नीट सांगता येणं ही मुलाची गरज आहे.

तीन प्रश्न विचारायचे

नियमाच्या जागी मी मुलांना तीन प्रश्न देते. वस्तू किंवा दुखणं अवयवाच्या बाबतीत नेमकं काय करतंय?

1) बाहेरून लागून आहे का? मग 'ऑन'. गालावर तीळ : अ मोल ऑन माय चीक. कपाळावर टिकली : अ टिकली ऑन माय फोरहेड. गुडघ्याला खरचटलं : अ स्क्रॅच ऑन माय नी. हातावर पुरळ : अ रॅश ऑन माय आर्म. बोटात अंगठी : अ रिंग ऑन माय फिंगर.

2) आत आहे का, किंवा आरपार घुसलंय का? मग 'इन'. डोळ्यात कचरा : डस्ट इन माय आय. पायात काटा : अ थॉर्न इन माय फूट. छातीत दुखतंय : अ पेन इन माय चेस्ट. कानात डूल : इअररिंग्ज इन हर इअर्स, कारण कान टोचलेला आहे. नाकात चमकी : अ स्टड इन हर नोज. आणि केसात गजरा : फ्लॉवर्स इन हर हेअर, कारण फुलं केसांत खोचलेली आहेत.

3) भोवती फिरलंय का? मग 'अराउंड'. गळ्यात माळ : अ नेकलेस अराउंड हर नेक. कमरेला पट्टा : अ बेल्ट अराउंड हिज वेस्ट. गळ्याभोवती मफलर : अ मफलर अराउंड माय नेक.

आता गंमत बघा. 'पायात चप्पल' आणि 'पायात काटा'. मराठीत दोन्हीकडे 'पायात'. इंग्रजीत चप्पल 'ऑन' आणि काटा 'इन'. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी फळ्यावर लिहा आणि मुलांनाच विचारा, असं का? आमच्या वर्गातल्या एका पोराचं उत्तर होतं, "बाई, चप्पल निघती, काटा काढावा लागतो!" तोपर्यंतचं माझं सगळं बोलणं त्याने एका वाक्यात आणून ठेवलं.

दुसरी जोडी 'हातात घड्याळ' ही. मराठीत हातात बांधलेलं घड्याळही 'हातात' आणि मुठीत धरलेलं घड्याळही 'हातात'. इंग्रजीत बांधलेलं असेल तर अ वॉच ऑन माय रिस्ट आणि धरलेलं असेल तर अ वॉच इन माय हँड. बांगड्यांचंही तसंच. 'बँगल्स इन हर हँड' म्हटलं की इंग्रजी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बांगड्या हातात धरून उभी असलेली बाई येते. हे चित्र दोन्ही प्रकारांनी काढून दाखवलं की मूल विसरत नाही.

मराठीतला 'ला' मात्र जास्त फसवा आहे. 'हाताला लागलं' यातून जखम वर आहे की आत मुका मार आहे, काहीच कळत नाही. मराठीत पुढचा प्रश्न आई विचारते आणि काम भागतं. इंग्रजीत मुलाला स्वतःच ठरवावं लागतं. अ कट ऑन माय हँड की अ पेन इन माय हँड? त्यामुळे 'ला' आला की मुलांनी थांबून 'वर की आत?' असं स्वतःला विचारायचं, ही सवय लावा.

"बाई, ह्यानं माझ्या पाठीत मारलं!"

हे वाक्य आपण सगळे रोज ऐकतो. त्याचाही धडा होतो. इंग्रजीत मार सांगताना आधी माणूस येतो आणि मग जागा : ही हिट मी ऑन द बॅक. 'माय बॅक' न म्हणता बहुधा 'द बॅक' म्हणतात, कारण कुणाची पाठ हे 'मी'मध्ये आलेलंच असतं. मराठीत 'त्याने माझ्या पाठीत मारलं', म्हणजे माणूस आणि जागा एकत्र.

इथे ऑन आणि इन कसे ठरवायचे? पक्का नियम नाही, पण कल दिसतो. डोकं, पाठ, खांदा, गुडघा, नाक, हनुवटी अशा टणक किंवा पुढे आलेल्या जागी 'ऑन' : ऑन द हेड, ऑन द शोल्डर, ऑन द नोज. तोंड, डोळा, पोट, बरगड्या अशा मऊ किंवा मार आत पोचतो अशा जागी 'इन' : इन द फेस, इन द आय, इन द स्टमक. चेंडू तोंडावर लागला तर द बॉल हिट मी इन द फेस. मराठीत 'तोंडावर' आणि इंग्रजीत 'इन'. 'डोक्यात मारलं' मराठीत 'त' आणि इंग्रजीत 'ऑन'. अगदी उलटसुलट!

आणि हात धरला तर? तिथे तिसराच शब्द. शी हेल्ड मी बाय द हँड. पकडण्याची जागा सांगताना 'बाय' येतो. चौथीच्या खाली एवढं शिकवायची गरज नाही, पण मुलाच्या वाचनात आलं तर आपल्याला सांगता आलं पाहिजे.

वही घेऊन आलेले बाबा

पालकसभेत एक वडील मुलीची शिकवणीची वही घेऊन आले होते. पानभर फुल्या. 'चप्पल इन फीट', 'रिंग इन फिंगर', 'स्कूल बॅग इन बॅक'. म्हणाले, "बाई, हिचं इंग्रजी कच्चंच राहणार. पुढच्या वर्षी इंग्लिश मीडियमला टाकतो." मुलगी शेजारी खाली मान घालून उभी. वर्गात बडबड करणारी ही पोर मागच्या महिनाभरात इंग्रजीच्या तासाला तोंडच उघडत नव्हती, ते मला तेव्हा जुळलं.

मी वडिलांना म्हटलं, "दादा, 'स्कूल बॅग इन बॅक' हे चुकलंय, कारण मराठीतही आपण पाठीवर दप्तर म्हणतो. तिथे ती घाबरून लिहीत गेली. पण बाकीची दोन बघा. तुमच्या बोटात अंगठी आहे ना? मग मराठीत तुम्ही तेच म्हणालात जे तिने लिहिलं." मग फळ्यावर पाय आणि चप्पल काढून वर सांगितलं ते सगळं पाच मिनिटांत सांगितलं. वडील हसले. म्हणाले, "हे आम्हालाबी कुणी सांगितलं नव्हतं."

खरंच आहे. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्याआधीच्या बहुतेक पालकांनी पाचवीत एबीसीडी गिरवली आणि प्रीपोझिशन म्हणजे रिकाम्या जागा भरा एवढंच बघितलं. त्यांना दोष कसा द्यायचा?

त्या मुलीची शाळा बदलायची की नाही, हे त्यांचं अजून ठरायचंय. तो त्यांचा निर्णय. पण दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, चप्पल ऑन फीट. पण फीट इन चप्पल. दोन्ही खरं ना?" मी म्हटलं, "दोन्ही खरं." उड्या मारत गेली. मुलाला चूक का झाली हे कळलं की चुकीची भीती जाते, आणि भीती गेली की तोंड उघडतं. फुली मारून यातलं काहीच होत नाही.

वर्गात करता येतील असे उपक्रम

टिकलीचा खेळ : टिकल्यांचं एक पाकीट पुरतं. शिक्षक सूचना देतात, मुलं स्वतःच्या अंगावर टिकली लावतात. ऑन युअर चिन. बिहाइंड युअर इअर. बिटवीन युअर आयब्रोज. अबव्ह युअर नी. अंडर युअर चिन. ऑन द टिप ऑफ युअर नोज. मग मुलंच सूचना देतात. ऐकून अंगाने कृती करायची ही पद्धत आपण टीपीआर या नावाने ओळखतो. जेम्स अॅशर यांनी 1960 च्या दशकात ती मांडली. आपल्या अवयवांच्या अॅक्शन साँगमध्ये नावं पाठ होतात, पण जागा सांगणारे शब्द येत नाहीत. टिकलीच्या खेळात ते येतात.

डॉक्टर-पेशंट : एक मूल डॉक्टर, एक पेशंट. डॉक्टर विचारतो, व्हेअर डज इट हर्ट? पेशंटने बोट न दाखवता सांगायचं. इन माय थ्रोट. ऑन माय एल्बो. डॉक्टरने त्याच जागी हात लावला तर उत्तर बरोबर. चुकीच्या जागी लावला की वर्ग हसतो आणि पेशंट स्वतःच वाक्य दुरुस्त करतो.

उताणा-पालथा : मोकळ्या जागेत सतरंजी टाका. लाय ऑन युअर बॅक म्हणजे उताणे. लाय ऑन युअर स्टमक म्हणजे पालथे. लाय ऑन युअर साइड म्हणजे कुशीवर. पाठ जमिनीला टेकली की ऑन द बॅक, हे अंगालाच कळतं.

बाईचं चित्र : नऊवारीतल्या बाईचं मोठं चित्र काढा. कपाळावर कुंकू, नाकात नथ, गळ्यात मंगळसूत्र, हातात बांगड्या, बोटात अंगठी, पायात जोडवी, केसात गजरा, कडेवर मूल, डोक्यावर हंडा. मुलं एकेका ठिकाणी ऑन, इन, अराउंड यांच्या चिठ्ठ्या चिकटवतात. कडेवरचं मूल ऑन हर हिप. आणि हो, काखेतलं गाठोडं मराठीत काखेत असलं तरी इंग्रजीत 'अंडर हर आर्म' असतं. मुलांना 'काखेत कळसा'ची म्हण आठवून द्या, दोन्ही भाषा एकदम होतात.

पालकांसाठी दोन शब्द

घरी यासाठी वेगळा अभ्यास नको. सकाळी तयारी करताना एक-दोन वाक्यं बोला. सॉक्स ऑन युअर फीट, फीट इन युअर शूज, बॅग ऑन युअर बॅक. तुमचं इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालेल, मुलं सोबत शिकतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मराठीत जागा नीट सांगायला शिकवा. 'दुखतंय' म्हटलं की विचारा, वर की आत? डाव्या बाजूला की उजव्या? ठणकतंय, चुरचुरतंय, की चमक मारते? घोटा, पोटरी, मनगट, कोपर, बरगडी हे शब्द मुलांच्या तोंडात असू द्या. शरीराच्या खाजगी अवयवांची नावंही न लाजता सांगा. कुणी नको तिथे हात लावला तर 'कुठे' हे मुलाला स्पष्ट सांगता आलं पाहिजे, आणि ते मूल आधी आपल्या भाषेतच सांगणार आहे. अशा वेळी मदतीसाठी 1098 हा चाइल्डलाइनचा क्रमांकही त्याला पाठ असू द्या.

मराठीत जागा पक्की असली की इंग्रजीत फक्त शब्द बदलायचा असतो. उद्या वर्गात 'पायात चप्पल' आणि 'पायात काटा' ही जोडी घेऊन बघा. मुलं काय कारण देतात ते ऐका आणि आपापल्या टाचणवहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला शिकवताना ती कारणं आपल्या उदाहरणांपेक्षा जास्त उपयोगी पडतील.